मदत हवी आहे: पायथनमध्ये मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतायत

वैतागराव:
रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, त्याआधी मेंटेनन्सच्या पावत्या काढायच्यात. यादीवरून पायथनमधला (प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला) छोटा प्रोग्रॅम प्रत्येक फ्लॅटची पावती बनवतो, पुतणीने शिकवलं तेवढंच मला येतं. नंबर, रक्कम सगळं बरोबर येतंय पण नावाच्या जागी नुसतं ????? ???. फॉन्ट बदलून झाला. पायथनला मराठी कळतच नाही का? जरा लवकर सांगा.

टर्मिनल_तात्या:
विंडोज असणार. लिनक्स टाका, असले प्रश्नच येत नाहीत.

माऊताई:
तात्या, त्यांना पावत्या काढायच्यात, संसार नाही मोडायचा. वैतागराव, यादी कशात आहे? एक्सेल थेट वाचताय की सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाईल) करून?

जुना_ऑपरेटर:
आमच्या ऑफिसात सगळं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये होतं. आधी कन्व्हर्टरने युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) करून घ्या, मी दोन कपाटं भरतील एवढं केलंय.

माऊताई:
श्रीलिपी असती तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला असता, प्रश्नचिन्हं नाही.

वैतागराव:
श्रीलिपी नाही हो, गुगल इनपुटने टाइप केलंय. एक्सेलमधून सेव्ह ॲज करून सीएसव्ही केली. त्याने काय फरक पडतो?

माऊताई:
तिथेच तर पडतो. सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडून बघा. तिथेही प्रश्नचिन्हं असतील तर नावं सेव्ह करतानाच गेली, पायथनचा काही दोष नाही. साधं 'कॉमा डिलिमिटेड' निवडलं की एक्सेल एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, लिहितं, त्यात जेमतेम 256 अक्षरांना जागा, देवनागरीला एकही नाही. मूळ एक्सेल फाईल परत उघडा, 'सीएसव्ही यूटीएफ-8' (युनिकोड साठवायची पद्धत) निवडून सेव्ह करा आणि कोडमध्ये फाईल उघडणाऱ्या ओपनला एन्कोडिंग यूटीएफ-8 द्या.

शीटप्रेमी:
गुगल शीट्समध्ये करा ना, पायथनची भानगडच कशाला?

टर्मिनल_तात्या:
शिकायचं असेल त्यांना. तुमची शीट नेट गेलं की बसते. आमच्याकडे लिनक्सवर बऱ्याच वर्षांपासून यूटीएफ-8 आहे एवढंच म्हणत होतो.

शीटप्रेमी:
ऑफलाइन पण चालते, आधी वापरून बघा मग बोला.

वैतागराव:
भांडू नका. नोटपॅडमध्येही प्रश्नचिन्हंच होती. नव्याने सेव्ह केली, आता तिथे मराठी दिसतंय, पण पायथन म्हणतं की-एरर, 'नाव' कॉलमच नाही!! समोर पहिलाच कॉलम आहे.

माऊताई:
डिक्टरीडर (कॉलमच्या नावाने यादी वाचणारं पायथनचं साधन) वापरताय हे आत्ता कळतंय. एक्सेल फाईलच्या सुरुवातीला बीओएम नावाची न दिसणारी खूण टाकतं, ती पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते. एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-8 च्या पुढे हायफन देऊन एस-आय-जी लिहा, म्हणजे ती खूण वगळली जाईल.

वैतागराव:
आलं!! पण नावाने सॉर्ट केलं तर क्षीरसागर खरेंच्या आधी येतात, ते शेवटी पाहिजेत ना?

टर्मिनल_तात्या:
युनिकोडमध्ये क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. म्हणून तो क मध्येच बसतो.

माऊताई:
पावत्या दारोदारच वाटणार ना? मग फ्लॅट नंबरने सॉर्ट करा, फक्त नंबर इंट (पूर्णांक) करून घ्या, नाहीतर तो मजकूर धरला जाऊन 101 हा 12 च्या आधी येईल.