तुवन शिकारी शब्दांचे रकाने कसे पाडावेत? मदत हवी आहे

दक्षिण सायबेरियातल्या तुवन बोलींमधल्या प्राणीनामांचा तक्ता चालू आहे. नर-मादी सरळ बसतात: मराल हरणाचा नर 'सीन', मादी 'मिय्गाक'. अडतं ते आडून घेतलेल्या नावांपाशी. अस्वल म्हणजे 'अदिग', पण शिकारी त्याला 'खायिरकान' किंवा 'इरेय' (म्हातारबा) म्हणतात. लांडगा 'ब्योर्यू', आडून 'कोकाय'. कोकणात रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात ना, तोच प्रकार. त्यात 'खायिरकान' पवित्र डोंगरांनाही लागतं, म्हणजे एका रकान्यात मावत नाही. "याला काय म्हणता?" असं थेट विचारलं की रोजचाच शब्द हाती येतो. मग ईशान्येकडच्या तोजू बोलीतला वेगळा शब्द कुठला आणि शिकारीतला झाकलेला कुठला, हे ओळखायला प्रश्नावली कशी रचावी? चित्रं दाखवावीत, की शिकारीची तयारी टप्प्याटप्प्याने सांगायला लावावी? बोलीभाषांच्या सर्वेक्षणाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सुचवावं.