आगळाचा पीक सरळ करायला हिलिक कॉलम कशाला हवा?

आमसूलगंध (धागाकर्ती)

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. कोकमाचा हंगाम आला की आगळ, आमसूल, सरबताचा सिरप असे नमुने येतात आणि आम्ही एचपीएलसीवर (नमुन्यातले घटक कॉलम नावाच्या नळीतून वेगळे करून आलेखावर दाखवणारं मशीन; आलेखावरचा प्रत्येक उंचवटा म्हणजे पीक) हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिड मोजतो (पुढे नुसतं एचसीए म्हणते). हे आम्ल पाण्यावर इतकं भाळलेलं की साध्या सी१८ कॉलमवर (आत पाण्याला न धरणारा, तेलकट थर असलेला) थांबतच नाही. डेड टाइमच्या (कॉलमवर अजिबात न थांबणारे पदार्थ बाहेर पडतात ती वेळ) जरा मागे येतं, आणि येतं तेही पुढून फुटलेलं, मागे लांब शेपूट घेऊन. परवा कॉलम विकणारे आले आणि म्हणाले, "मॅडम, पोलर कंपाउंड आहे ना, हिलिक घ्या, प्रश्न मिटला." (हिलिक म्हणजे पोलर, पाण्यात रमणाऱ्या रेणूंना धरून ठेवणारा, बहुतांश ॲसिटोनायट्राइल या द्रावकावर चालणारा कॉलम.)

माझं मत उलटं आहे. शंभर टक्के पाण्यावर चालणारा सी१८ घ्यावा, २५ मिलीमोलर फॉस्फेट बफर पीएच २.५ च्या खाली ठेवावा, इंजेक्शन २० ऐवजी ५ मायक्रोलिटर करावं. सायट्रिकचा पहिला पीकेए ३.१ आहे. पीएच तिथेच ठेवला तर निम्मे रेणू आयनित, निम्मे नाहीत, आणि जरा इकडेतिकडे झालं की पीक हलतो. २.५ ला साधारण ८० टक्के आयनरहित राहतात. एचसीए त्याचाच भाऊ, एक हायड्रॉक्सिल जास्त, म्हणून मी आणखी थोडं खालीच राहते. हिलिकचा खर्च आणि ॲसिटोनायट्राइलचं बिल आमच्यासारख्यांना परवडत नाही. बोला.

घाटमाथ्यावरचा

शीर्षक वाचून वाटलं कोकमाचं पीक पावसाने आडवं झालं, ते सरळ करताय. सॉरी. चालू द्या.

लोटेवाला

ताई, पूर्ण असहमत. मी लोट्याला फार्मात क्यूसी करतो. पीएच कितीही खाली न्या, रिटेन्शन (कॉलमवर थांबणं) मिळणार थोडंसंच, आणि डेड टाइमच्या शेजारी येणाऱ्या पीकला सुबक आकार मिळणं कठीणच. मीठ, साखर, रंग सगळे तिथेच गर्दी करतात. हिलिक नेमकं याच कामासाठी आहे, १९९० मध्ये अल्पर्टने हे नाव दिलं तेव्हापासून. सिलिकावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि पोलर रेणू त्यात रमतो. जितका पोलर तितका उशिरा येतो. आमच्याकडे मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) सी१८ वर आयन-पेअरशिवाय (विरुद्ध भाराचा जोडीदार रेणू घातल्याशिवाय) थांबत नव्हतं. हिलिकवर नेलं, टेलिंग (शेपटीचं माप; १ म्हणजे शेपूट नाही) १.२ वर आलं.

आणि सी१८ वरच राहायचं असेल तर बफरमध्ये थोडं ट्रायइथिलअमाइन घाला, शेपूट जाईल.

निवृत्त रसायनी

लोटेवाले, तुमचं मेटफॉर्मिन बेस आहे. कॉलममधल्या सिलिकावरचा सिलॅनॉल गट त्याला धरून ठेवतो म्हणून शेपूट येते, म्हणून तिथे अमाइन लागू पडतं. एचसीए आम्ल आहे. एवढ्या खालच्या पीएचला सिलॅनॉलचा त्याच्याशी फारसा झगडा नाही. रोग वेगळा आणि औषध वेगळं झालं हे.

या आम्लाची शेपूट बहुतेक लोखंडाची असते. सायट्रिक वर्गातली आम्लं धातूला चिमटा घालतात. कॉलमच्या टोकाची जाळी (फ्रिट), नळ्या, सगळं स्टेनलेस स्टील. पारखायचं कसं? तोच स्टँडर्ड दहापट पातळ करून मारा. पातळ केल्यावर शेपूट तुलनेने वाढली तर धातू, कमी झाली तर ओव्हरलोड (कॉलमवर जास्त माल). धातू निघाला तर बफरमध्ये किंचित ईडीटीए (धातूला आधीच पकडून ठेवणारं रसायन), नाहीतर आतून पीक लावलेला कॉलम. (इथलं पीक म्हणजे प्लास्टिक. घाटमाथ्यावरचे परत येतील.)

आणि ॲसिटोनायट्राइलवर भिस्त ठेवणाऱ्यांनी २००८-०९ आठवावं. ते ॲक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यातलं जोडउत्पादन. मंदीत तिकडची मागणी पडली आणि जगभरच्या लॅब बाटलीसाठी रांगेत.

वेंगुर्ल्याचो बाबल

मी केमिस्ट नाय. आमचो कोकमाचो धंदो. पण एक विचारतंय, आगळात मीठ किती असता ता म्हायती आसा काय? आमच्या म्हातारीक विचारलास तर ती सांगतली. मीठ घातलेलो आगळ तुम्ही सुयेत घालतास आणि मशीनीक नावा ठेवतास?

आमसूलगंध

बाबलकाका, तुम्ही तर मुळावरच बोट ठेवलंत! याच मिठामुळे हिलिक आगळाला चालत नाही असं माझं म्हणणं. हिलिकमध्ये नमुनाही बहुतांश ॲसिटोनायट्राइलमध्येच हवा, पाण्यातला नमुना मारला की पीक पसरतो, फुटतो. आता आगळात ॲसिटोनायट्राइल ओतून बघा. एक तर मीठ तळाला बसतं, नाहीतर दोन थर होतात, आणि एचसीए खालच्या खारट थरात. वरचा थर मारून "एचसीए कमी आहे" असा रिपोर्ट दिला तर काकांसारख्या माणसाचा माल परत येईल.

दुसरं म्हणजे फॉस्फेट एवढ्या ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळत नाही, म्हणून अमोनियम फॉर्मेट किंवा ॲसिटेट घ्यावं लागतं. ती दोन्ही २१० नॅनोमीटरला स्वतःच प्रकाश शोषतात, आणि एचसीए दिसतं तिथेच. तुमच्याकडे मास डिटेक्टर असेल, आमच्याकडे यूव्ही.

लोटेवाला

अमाइनचं चुकलं, मान्य. यूव्हीचा मुद्दाही मान्य. पण दोन थर? अहो, आगळ आधी पाण्यात पन्नासपट पातळ करा, मग ॲसिटोनायट्राइल. एचसीए भरपूर असतं, परवडतं. मीठ मग नावालाच उरतं.

निवृत्त रसायनी

पन्नासपट पातळ केलंत तर त्यांचा सी१८ सुद्धा सुतासारखा सरळ येईल की! मिठाने बफरवर जी दांडगाई चालवली होती तीच संपली. मग हिलिक कशाला?

लोटेवाला

रिटेन्शनसाठी. पुन्हा तेच सांगतो. आकार सुधारला तरी सिरपमधलं दुसरं काही त्याच्याखाली दडलेलं नाही, हे कशावरून?

पीएचडी चालू आहे

या एका मुद्द्यावर लोटेवाल्यांना +१. आणि लॅक्टोन कोणीच कसं काढलं नाही? एचसीए स्वतःवरच वळून लॅक्टोन होतं, सिरप उकळला की जास्त. त्याचा पीक वेगळा येतो. शेजारी आला की खांदा दिसतो आणि आपण कॉलमला शिव्या घालतो. नमुना अल्कलीने उघडून, आम्ल करून लगेच मारा. खांदा गेला तर तो टेलिंग नव्हताच.

अजून एक, शंभर टक्के पाणी चालू असताना लाइट गेली तर? पंप थांबला, दाब उतरला की साध्या सी१८ च्या छिद्रांतून पाणी बाहेर पडतं. सकाळी रिटेन्शन गायब. कोकणात जूनमध्ये हे होणारच.

आमसूलगंध

झालंय. म्हणून तर पाण्यावर चालणारा कॉलम म्हटलं ना. शिवाय ३ टक्के मिथेनॉल ठेवते.

काल दोन्ही चाचण्या केल्या. आगळ पन्नासपट पातळ केल्यावर पुढची फूट साफ गेली. स्टँडर्ड दहापट पातळ केल्यावर शेपूट मात्र वाढली, म्हणजे निवृत्त रसायनी म्हणतात तसं लोखंडच. आता ईडीटीए घालून बघते. सिरपमध्ये खांदा होता, अल्कलीनंतर गेला. हिलिक घेत नाहीये.

लोटेवाला

नका घेऊ. पण त्या पीकची शुद्धता डायोड ॲरेवर (एकाच वेळी अनेक तरंगलांबी बघणारा यूव्ही डिटेक्टर) एकदा तपासा आणि स्पेक्ट्रम इथे टाका. २१० ला सगळीच आम्लं एकसारखी दिसतात म्हणालात, तर मग मी पुन्हा सुरुवात करणार आहे.