कोब्यावर फ्रेमचा स्विमिंग पूल मांडलाय, तळाला खालून भोकं पडतायत

अंगणातला: पोरांसाठी १० फुटी गोल फ्रेमचा पूल घेतला, कोब्यावर मांडला, खाली फक्त सोबत आलेलं पातळ कापड. पंधरा दिवसांत पाणी उतरायला लागलं म्हणून रिकामा करून पालथा घातला तर तळाला दोन बारीक भोकं, आणि बरोब्बर त्याच जागी कोब्यातून वर आलेली कच, बोट फिरवलं तर करवतीसारखी लागते. पॅच मारलेत पण परत भरायच्या आधी खाली काय घालू? नाहीतर गच्चीवर नेऊ का, तिथं चायना मोझॅक गुळगुळीत आहे.

द्राक्षवाला: आमच्या शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आहे, त्यालाही मुरमातला एक टोकदार खडा पुरतो. कागद अंथरायच्या आधी वडील अख्ख्या तळात अनवाणी फिरले होते, जिथं टोचेल तिथला खडा उपटायचा अन् मग वर चाळलेली माती. तुम्ही पण कोबा धुवून वाळवा आणि अनवाणी फिरा, टोचेल तिथं दगडाने घासून घ्या, खड्डे असतील तर सिमेंटने भरा. मॅट नंतर.

रोहिणी_ताई: आमचा तिसरा उन्हाळा चाललाय. पोरांच्या खेळायच्या एकमेकांत अडकवायच्या फोमच्या मॅट मिळतात ना, त्या सगळ्या तळाखाली, त्यावर ताडपत्री, सुरकुती न ठेवता. पण फ्रेमच्या पायांखाली फोम नको हं, एक पाय दबला की फ्रेम तिरकी होते, तिथं सारख्या जाडीच्या फळीचे तुकडे द्या. गोणपाट अजिबात नको, ओलं राहून कुजतं. काळं रबरही नको, तळाला डाग पडतात. आणि पोरांच्या पायाची वाळू आतूनही घासते, बाहेर पाय धुवायची बादली ठेवाच.

साइटवरून: गच्चीचा विचार कृपा करून सोडा. २ फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला ६०० किलो, आणि वापरातली गच्ची आयएस ८७५ (इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे साधारण १५० किलोच्या हिशोबाने डिझाइन करतात. तुमच्या पुलात २ फूट भरलं तरी साडेचार टनाच्या आसपास वजन होतं, तेही तासन्‌तास एकाच जागी. अंगणातच ठेवा, फक्त कोब्याला उतार किती ते ट्यूबलेव्हलने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) बघा, उतार असेल तर सगळं पाणी एका बाजूच्या भिंतीवर रेटतं.

अंगणातला: गच्ची रद्द. आत्ताच अनवाणी फिरून आलो, अजून सात ठिकाणी टोचलं, खडूने खुणा केल्यात. घासून झालं की मॅट आणतो.