अमेरिकेत ट्रक : दोन किरकोळ ठोकरा, नोकरी गेली. रेकॉर्डवर काय जातं? कॅमेराही सुचवा (बजेट १५० डॉलर)

नवा_अठराचाकी
नमस्कार मंडळी. सीडीएल (अवजड वाहनांचं व्यावसायिक लायसन्स) काढून अकरा महिने झाले. एकाच कंपनीत होतो, परवा तिथून काढलं. पहिली ठोकर मार्चमधली. गोदामाच्या फाटकातून उजवीकडे वळताना ट्रेलरची मागची चाकं खांबाला घासली, मडफ्लॅपचा ब्रॅकेट वाकला. दुसरी मागच्या आठवड्यात. ट्रक स्टॉपवर रात्री रिव्हर्स घेत होतो, ट्रेलरचा कोपरा शेजारी उभ्या असलेल्या ट्रकच्या हूडला (बॉनेटला) लागला. कुणाला खरचटलंही नाही, टो बोलवावा लागला नाही, पोलिसांचं तिकीट नाही. दोन्हींवर कंपनीने 'प्रिव्हेंटेबल' (टाळता आला असता) असा शेरा मारलाय.

हे पुढच्या कंपनीला दिसतं का? अर्जात लिहू की नको? आणि पुढे पुरावा हाताशी असावा म्हणून कॅमेरा घ्यायचाय, दीडशे डॉलरच्या आत. पगार थांबलाय, त्याच्या वर जाता येणार नाही.

रात्रीचा_मैल
१९ वर्षं चालवतोय, अंगावर एक ओरखडा नाही. कॅमेरा घ्यायचाच तर चारही बाजूंचा घ्या, नुसता पुढचा काही कामाचा नाही. मला बसवणुकीसकट साडेसहाशे पडले आणि एका दिवसात वसूल झाले. एक गाडी लेन कापून घुसली आणि तिचा चालक दोष माझ्यावरच ढकलत होता. फुटेज दाखवल्यावर गप्प झाला.

नवा_अठराचाकी
धन्यवाद दादा, पण दीडशे.

डॉक_क्रमांक_७
अजिबात लिहू नका. पोलीस रिपोर्ट नाही म्हणजे कुठेच नोंद नाही. मी २०१९ मध्ये गोदामाच्या डॉकचा (माल चढवायच्या धक्क्याचा) रबर बंपर उखडला होता. पुढच्या अर्जात लिहिलं नाही, कुणी विचारलंही नाही.

सेफ्टी_टेबल
वरचा सल्ला कृपया मानू नका. मी एका वाहतूक कंपनीच्या सेफ्टी विभागात अर्ज तपासते. आमच्याकडे माहिती चार ठिकाणांहून येते आणि चारही वेगवेगळी असतात.

राज्याच्या एमव्हीआरवर (चालकाची ड्रायव्हिंग नोंद) लायसन्सशी संबंधित गोष्टी असतात, मुख्यतः तिकिटं आणि निलंबन. पीएसपीवर (केंद्राकडची चालकाची नोंद) पाच वर्षांचे अपघात आणि तीन वर्षांच्या रस्त्यावरच्या तपासण्या. पण त्यातले अपघात म्हणजे केंद्राच्या नियमात बसणारेच : मृत्यू, जागेवरून हलवून ताबडतोब उपचार करावे लागलेली दुखापत, किंवा कुठलंही वाहन टो करावं लागेल इतकं नुकसान. तुमचे दोन्ही प्रसंग यात बसत नाहीत, त्यामुळे पीएसपीवर दिसू नयेत. दहा डॉलर भरून स्वतः काढून बघा.

तिसरा डॅक, म्हणजे चालकाच्या आधीच्या नोकऱ्यांचा अहवाल, जो हायरराइट ही खासगी कंपनी ठेवते. तिथे जुनी कंपनी स्वतःच्या व्याख्येने नोंद करते, त्यामुळे खांब आणि हूड दोन्ही जाऊ शकतात. चौथं म्हणजे जुन्या कंपनीचं थेट उत्तर. मागच्या तीन वर्षांतल्या मालकांकडे आम्हाला चौकशी करावीच लागते. नियमातले अपघात त्यांनी सांगणं बंधनकारक आहे. बारीकसारीक प्रसंग सांगायचे की नाही हे त्यांच्या मर्जीवर, आणि बहुतेक जण सांगतात.

बंपर_ते_बंपर
ताईंनी लिहिलंय त्याचा फटका मी खाल्लाय. एक छोटी ठोकर लपवली होती. नवीन कंपनीत ओरिएंटेशनच्या तिसऱ्या दिवशी जुन्या कंपनीचं उत्तर आलं आणि मला बसचं तिकीट देऊन घरी पाठवलं. ती ठोकर त्यांनी सोडून दिली असती, असं रिक्रूटरच म्हणाला. अर्जात खोटं लिहिलं हे मात्र सोडलं नाही, आणि पुढच्या तीन मुलाखतींत ठोकरीऐवजी त्याबद्दलच विचारलं गेलं.

डॉक_क्रमांक_७
माझ्या बाबतीत काही झालं नाही, मी माझा अनुभव सांगितला.

काच_आणि_वायपर
कॅमेरा कुठला घ्यायचा त्याआधी तो लावायचा कुठे ते बघा. २०२२ पासून नियम असा की वायपर जिथवर पुसतो त्याच्या वरच्या कडेपासून साडेआठ इंचांच्या आत हवा, आधी चारच इंच होते. चालकाच्या नजरेच्या रेषेत चालत नाही. माझ्या मित्राला तपासणीत यावरून लिहून दिलं. आणि बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला घ्या, उन्हात केबिन तापली की बॅटरी फुगते. असे दीडशेच्या आत मिळतात.

रात्रीचा_मैल
दीडशेवाला रात्री नंबर प्लेट वाचू शकत नाही. तेव्हा साडेसहाशेचाच घ्या.

सिग्नलला_थांबलेला
मी लाल सिग्नलला उभा होतो. मागून कार येऊन आदळली, माझ्या बंपरला ओरखडा, कार टो. आता पाच वर्षं ते माझ्या पीएसपीवर! ज्याची चूक नाही त्याच्या नावावर का? ह्यांचे दोन धक्के कुठेच नाहीत आणि मी उभा राहून गुन्हेगार.

सेफ्टी_टेबल
तुमचा राग समजतो. पीएसपीवर चूक कोणाची ते नसतं, फक्त घटना असते. डेटाक्यूज या संकेतस्थळावरून अपघात टाळता येण्याजोगा होता का, याचा निर्णय मागता येतो. मागून आदळणं त्यातल्या प्रकारांत बसतं. पोलीस रिपोर्ट जोडा. नोंद जात नाही, पण 'टाळता येण्याजोगा नव्हता' असं तिथे दिसतं. आम्ही ते वाचतो.

बारा_राज्यं
वकील करा. मी नऊशे दिले.

सिग्नलला_थांबलेला
कशासाठी दिले आणि काय झालं?

बारा_राज्यं
स्पीडिंगच्या तिकिटासाठी. मर्यादेपेक्षा १५ मैल किंवा जास्त म्हणजे 'सीरियस'. तीन वर्षांत असे दोन ठरले तर सीडीएल ६० दिवस बंद, तीन झाले तर १२०. तिकीट उतरवून घेतलं. पैसे गेले पण लायसन्स राहिलं.

सेफ्टी_टेबल
ते तिकिटाचं आहे, इथे तिकीटच नाही. इथे वकिलावर खर्च करू नका. डॅकची प्रत वर्षातून एकदा फुकट मिळते, ती मागवा. चुकीचं काही असेल तर वाद नोंदवा, साधारण ३० दिवसांत तपासावं लागतं. नाकारलं तर तुमचं छोटं निवेदन जोडता येतं. जुन्या मालकाने नवीन कंपनीला काय लिहिलं तेही बघायचा हक्क आहे : नोकरी मिळाल्यापासून किंवा नाकारल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागा.

अर्जातला प्रश्न शब्दशः वाचा. नियमाप्रमाणे तीन वर्षांतले अपघात लिहायचेच असतात, पण बऱ्याच कंपन्या 'अपघात किंवा कोणताही प्रसंग' असं विचारतात. तसं असेल तर दोन्ही लिहा. तारीख, काय लागलं, दुखापत नाही, टो नाही. दोन ओळी पुरे.

बंपर_ते_बंपर
हो, लिहाच. मी वर सांगितलंच.

नवा_अठराचाकी
(दोन आठवड्यांनी) सगळ्यांचे आभार. पीएसपी कोरी आहे. डॅकवर दोन्ही प्रसंग आहेत, आणि नोकरीचा काळ अकराऐवजी आठ महिने दाखवलाय. पगाराच्या पावत्या जोडून तेवढ्यावरच वाद नोंदवलाय.

डॉक_क्रमांक_७
ठोकरींवरही नोंदवा! 'प्रिव्हेंटेबल' काढून टाकायला सांगा. ट्रक स्टॉपवर दिवे कमी होते असं लिहा.

नवा_अठराचाकी
दिवे होते. मी खाली उतरून बघितलं नाही. तो शेरा बरोबर आहे, त्यावर मी भांडणार नाही.

तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडे दोन्ही प्रसंग लिहिले. एकाने नाही म्हटलं, एकाने सहा महिन्यांनी या म्हटलं. तिसरं काम यार्डात स्पॉटरचं आहे : दिवसभर ट्रेलर डॉकला लावायचे आणि काढायचे. पगार आधीपेक्षा कमी. ते घेतलंय.

रात्रीचा_मैल
चूक करताय. लांब पल्ल्याच्या बहुतेक कंपन्या यार्डाचा काळ रस्त्यावरचा अनुभव म्हणून धरत नाहीत. सहा महिन्यांनी तिथेच असाल.

सेफ्टी_टेबल
या बाबतीत मैलदादांशी सहमत आहे. सहा महिने थांबायला सांगितलंय ती कंपनी धरून ठेवा.

बारा_राज्यं
माझंही तेच मत. यार्ड नको.

नवा_अठराचाकी
तुमचं सगळ्यांचं वाचलं, दोन रात्री विचार केला. अकरा महिन्यांत मी हजारो मैल सरळ चालवले, पण रिव्हर्स दिवसातून दोनदा, तेही घाबरत. ज्या कामात माझा हात कच्चा आहे तेच इथे रोज तीस-चाळीस वेळा करायला मिळेल. मैल धरले नाहीत तरी चालेल. यार्डाची गाडी त्यांची, तेव्हा कॅमेराही आत्ता नको. त्या पैशांतून पोलादी टोपीचे बूट आणले.

काच_आणि_वायपर
मग घ्याल तेव्हा कपॅसिटरवालाच घ्या.

रात्रीचा_मैल
ठरवलंच आहे तर ऐका. पहिले दोन आठवडे उजव्या बाजूने मागे घ्यायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा, फेरा मारून डाव्या बाजूने या. ट्रेलरचा मागचा कोपरा दिसेनासा झाला की तिथेच ब्रेक, खाली उतरा, मागे चालत जा. कुणी हॉर्न वाजवला तरी उतरा. मी अजूनही उतरतो.

नवा_अठराचाकी
सोमवारी सकाळी सहाला पहिली पाळी आहे. उतरेन.