मदत हवी: 17 वर्षं काम केलेल्या काकांची ग्रॅच्युइटी कशी काढायची?

नमस्कार मंडळी, फोंड्याला आमचं छोटं हॉटेल आहे, सकाळी भाजी-पाव, दुपारी राइस प्लेट. बाबांनी काढलेलं, दोन वर्षांपासून मी बघतो. पातळ भाजी करणारे काका जून 2008 ला लागले, पहाटे चारला येऊन गॅस पेटवणारे तेच. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून फेब्रुवारी 2026 संपला की कारवारला गावी जातो म्हणाले.

पगार 18,200, सगळा बेसिकच धरलाय, भत्ता वगैरे काही नाही. अकाउंटंट म्हणतो आता तुमच्याकडे सातच माणसं आहेत, दहाच्या खाली ग्रॅच्युइटी लागू नाही, पंचवीस हजार पाकिटात घालून द्या आणि विषय संपवा. मला ते पटत नाहीये, कारण बाबांच्या वेळी बारा-तेरा जण होते, कोविडनंतर कमी झाले. शिवाय मुलीच्या लग्नाला काकांनी 40,000 उचल घेतलेली, ती अजून फिटली नाही. ती यातून कापता येते का? मस्टर म्हणजे हजेरीपट नाही, फक्त बाबांची वही आहे. कोणी केलंय का हे, प्लीज सांगा.

उत्तर:
अकाउंटंट चुकतोय. दहा माणसं झाली आणि एकदा कायदा लागू झाला की पुढे संख्या कमी झाली तरी तो लागूच राहतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय पण हिशोब तोच आहे, शेवटचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. तुमचे 700 रुपये रोज, म्हणजे वर्षाचे 10,500. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे 17 वर्षं आठ-नऊ महिन्यांची 18 होतात. एकूण 1,89,000. नोकरी सुटल्यापासून 30 दिवसांत द्यायचे, उशीर केला तर व्याज लागतं.

दुसरं उत्तर:
उचल त्यातून कापू नका. ग्रॅच्युइटी रोखता येते ती गैरवर्तन किंवा नुकसान केलं म्हणून कामावरून काढलं तरच, उसन्या पैशासाठी नाही. उचलीचं काकांशी वेगळं बोला, जमेल तसं देतील. आमच्या म्हापशाच्या दुकानात असंच झालेलं, आम्ही कापले आणि तो माणूस लेबर ऑफिसात गेला, पूर्ण पैसे द्यावे लागले आणि वर बारा वर्षांचं नातं तुटलं ते तुटलंच. मस्टर नसलं तरी वही टाकू नका. राजीनाम्याची तारखेसकट चिठ्ठी घ्या, पैसे बँकेतूनच द्या, पावतीवर हा हिशोब आकड्यांत लिहून सही घ्या.

मूळ प्रश्नकर्ता:
खूप आभार दोघांचे. काल रात्री वही काढली, जून 2008 च्या पानावर बाबांच्या अक्षरात काकांचं नाव, पुढे "आजपासून", आणि खाली पहिल्या आठवड्याची 200 रुपये उचल, गणेश चवथीपर्यंत वळती केलेली. त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली. आईशी बोललो, ती म्हणाली 40,000 चं नाव काढू नकोस. एक मात्र विचारायचं राहिलं, रक्कम एकदम नाही जमत, पण काका स्वतः म्हणाले तर दोन हप्ते चालतील का, की 30 दिवसांतच बसवायला हवं? दुसरा हप्ता 30 दिवसांच्या आत बसवायचा तर मला मार्चमध्ये फ्रीजरचा विचार पुढे ढकलावा लागेल, तेवढं मी करू शकतो.