मूत्राशयात गाठ, टेबलावर बीपी २४०! मुंबईला कुठे न्यायचं?

देवगडचा_हापूस: वडील ६१. लघवीतून रक्त, सोनोग्राफीत पिशवीत गाठ. दुर्बिणीतून काढायला घेतली तर वरचं बीपी २४०, डॉक्टरांनी अर्ध्यावर सोडलं, तुकडा तपासायला पाठवलाय. मी पुण्यात, घरी सगळे घाबरलेत. टाटा की दुसरीकडे? लवकर सांगा.

कातळकर: गाठ केवढी? सीटी झाला? बीपी आधीपासून आहे का?

दापोलीचे_नाना: आमच्या मेव्हण्याचं असंच, शेवटी प्रोस्टेट निघालं. गोखरूचा काढा द्या.

देवगडचा_हापूस: प्रोस्टेट नाहीये हो नाना. सीटीत ३ सेमी. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत पण ते जुनं, ते सोडा.

लॅबवाली_रत्नागिरी: सोडू नका, तेच महत्त्वाचं आहे. लघवी करून आले की डोकं ठणकतं, धडधड, घाम असं होतं का?

देवगडचा_हापूस: हो!! येऊन खाटेवर आडवेच होतात, घामाघूम. आई म्हणते वय झालं. तुम्हाला कसं कळलं?

लॅबवाली_रत्नागिरी: पॅरागँग्लिओमाची शंका येतेय, म्हणजे मज्जातंतूंशी जोडलेल्या पेशींची गाठ. पिशवीत फार क्वचित होतो. पिशवी आवळली की गाठीतून ॲड्रिनलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात सुटतात आणि बीपी भडकतं. रक्तातले नाहीतर २४ तासांच्या लघवीतले मेटानेफ्रिन्स (ती द्रव्यं मोडून बनणारे घटक) तपासायला सांगा, आणि तो रिपोर्ट येईपर्यंत गाठीला परत हात लावू देऊ नका. निघालाच तर आधी आठवडा-दोन आठवडे अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी), मग ऑपरेशन. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) आधी एकटाच दिला तर बीपी उलट चढतं. पॅथॉलॉजिस्टलाही टेबलावरचा प्रकार कळवा, नाहीतर तुकडा नेहमीच्या कॅन्सरसारखा वाटू शकतो.

दापोलीचे_नाना: काढ्याने बीपीपण उतरतं.

कातळकर: नाना, माणूस टेबलावर जाता जाता वाचलाय, काढा काय देताय!

दापोलीचे_नाना: आमच्या आजोबांना कुठे सीटी होता?

चाकरमानी_परळ: टाटालाच न्या. सीटीची सीडी, स्लाइड्स, ब्लॉक सगळं बरोबर. तुतारी एक्सप्रेस कणकवलीला पकडा, पण गणपतीत तिकिटाचं विसरा, गेल्या वर्षी मी दारात उभा राहून आलोय.

देवगडचा_हापूस: ब्लॉक म्हणजे? आणि २४ तासांची लघवी भरायची कशात, पाण्याची बाटली चालेल?

लॅबवाली_रत्नागिरी: ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मागितल्याशिवाय देत नाहीत. बाटली नको, लॅब कॅन देते. त्यात ॲसिड असेल तर ओतून टाकू नका, बहुतेक जण तेच करतात. सकाळची पहिली लघवी टाकायची, तिथून वेळ धरायची.

दापोलीचे_नाना: कॅन एसटीत घेऊ देतात का?