शिकारीच्या पैशातून जंगल वाचवायचं, हे तुम्हाला पटतं का?

सत्तरीचो_पोर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून विचारतो. नामिबियात 1996 च्या कायद्यापासून गावकऱ्यांच्या कन्झर्व्हन्सी आहेत, म्हणजे गावानेच सांभाळायची वन्यजीवांची क्षेत्रं, शिकारीच्या परमिटचे पैसे थेट त्यांना मिळतात आणि मांसही गावातच वाटलं जातं. पाकिस्तानात गिलगिटकडे मारखोर या रानबोकडाच्या एका परमिटला लाख डॉलरच्या वर बोली लागते, त्यातले 80 टक्के गावाला, आणि मारखोर वाढले सुद्धा, 2015 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेने त्यांना संकटग्रस्त यादीतून काढलं. हे सगळं मान्य. पण कुणीतरी श्रीमंत माणूस भिंतीवर शिंगं लावायला जीव घेणार आणि त्याला आपण संवर्धन म्हणायचं हे काही केल्या गळी उतरत नाही. काम होतंय म्हणून बरोबर ठरतं का?

कुळागर_डिचोली
भाऊ, ज्याच्या माडा-सुपारीत रात्री रानडुकरं शिरतात आणि दिवसा खेती, म्हणजे माकडं, नारळ पाडतात त्याला विचारा. जनावर जिवंत राहिलं तर आपला फायदा असं गावाला वाटलं तरच ते राहणार ना? 2020 च्या जानेवारीत आपल्या गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. वाघाने गाय मारल्याचं दुःख गोठेवाल्याचं, वाघाचं कौतुक मात्र पणजीत. मारखोरवाल्या गावांत लोक स्वतः चोरट्या शिकाऱ्यांवर पाळत ठेवतात, कारण पैसा त्यांच्या हातात येतो.

मोलेची_रानवाट
पैशाचं खरं, पण सगळी जनावरं सारखी नसतात हो. सिंहाचा कळप सांभाळणारा नर मारला की नवीन नर येऊन पिल्लं मारतो, म्हणजे परमिट एकाचं आणि मेले कितीतरी. म्हणून मोझांबिकच्या नियासा अभयारण्यात सहा वर्षांखालचा सिंह मारायचा नाही असा नियम केला. आणि पैसा कुठे जातो ते पण बघा, झिम्बाब्वेत तो जिल्हा कौन्सिलमार्फत यायचा आणि गावापर्यंत फार कमी पोचायचा. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, वाघ-गव्याची बोली लावायचा विचारसुद्धा मला सहन होत नाही, आणि आपली जंगलं तरी केवढीशी आहेत!

सत्तरीचो_पोर
ताई, बोली आपल्याकडे नकोच, माझंही तेच मत. पण मला आता वाटतंय की शिकारीचा पैसा वाईट म्हणताना दुसरा पैसा आपण देतो का हे आधी बघायला हवं. केनियाने 1977 ला शिकार बंद केली, तिथे वन्यजीवांचा पैसा पर्यटनातून येतो, मग आपल्याकडे दूधसागरला येणाऱ्यांच्या तिकिटातला ठरलेला वाटा ज्याची गाय वाघाने मारली त्याला आठवड्याच्या आत का मिळू नये? कुळागरवाले भाऊ, तुमच्याकडे रानडुकरांच्या नुकसानीचे पैसे मिळायला साधारण किती वेळ लागतो, आणि कागद कोण करतं, पंचायत की तुम्ही स्वतः?

कुळागर_डिचोली
स्वतःच. तलाठ्याकडे, कृषी खात्यात, फॉरेस्टवाल्यांकडे फेऱ्या मारायच्या. म्हातारी माणसं अर्जच करत नाहीत.